तीन ते पाचच्या सोनकांबळे बाई

आमच्या वाचनालयाने या गावाला घडवले, असे दर वर्षी वर्धापनदिनाच्या भाषणात सांगितले जाते. सांगणारा पाहुणा नेहमी बाहेरगावचा असतो, त्यामुळे तो गाव बघून बोलतो असा आरोप त्याच्यावर करता येत नाही. समोर बसलेले आम्ही मात्र गावातलेच. आम्ही टाळ्या वाजवतो आणि चहाची वाट बघतो.

हे वाचनालय उदगीरचे. नाव सांगत नाही, कारण त्याच्या कार्यकारिणीतले बरेच जण अजून कार्यकारिणीत आहेत. मीही बारा वर्षे तिथे होतो. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो, अक्षर बरे होते, म्हणून मला सहचिटणीस केले आणि सभांची इतिवृत्ते लिहायला दिली. वाचनालय माणसे कशी घडवते हे मला त्या बारा वर्षांत जवळून बघता आले. ते काम तिथे एकच व्यक्ती करत होती आणि कार्यकारिणीच्या बैठकीत तिला खुर्ची नव्हती. ती दाराशी उभी राहायची, कारण ती पगारी नोकर होती. हुद्दा ग्रंथपाल, नाव सुशीला सोनकांबळे.

कार्यकारिणी त्यांना ‘बाई’ म्हणायची. दुपारी येणारी माणसे ‘आक्का’ म्हणायची. आमच्याकडे कानडी मुलूख हाकेवर आहे, मोठ्या बहिणीला आक्काच म्हणतात. पण या माणसांतली निम्मी बाईंपेक्षा वयाने मोठी होती. सत्तरीचा म्हातारा पंचावन्नच्या बाईला आक्का म्हणतोय आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नाही, हे दृश्य मी अनेकदा पाहिले.

उंची बेताची, आवाजही बेताचा. चष्म्याची एक काडी मोडलेली होती, ती त्यांनी दोऱ्याने बांधली होती. काडी बारा वर्षांत बदलली नाही, दोरा रोज बदलायचा. तो साडीच्या रंगाचा असायचा. 

दारावर त्यांनी स्वतः रंगवलेला पत्र्याचा फलक होता. ‘प्रौढांसाठी विनामूल्य. मंगळवारी वाचन, गुरुवारी अर्ज, शनिवारी मोबाईल. दुपारी तीन ते पाच. लहान मुले आणू नयेत. आणल्यास गप्प बसवावीत.’

या फलकातला त्रासदायक शब्द ‘विनामूल्य’ हा निघाला. गावात त्या काळी फुकटच्या कार्यक्रमांचा सुळसुळाट होता. मंगल कार्यालयात बोलवायचे, गुडघ्यावर व्याख्यान द्यायचे आणि शेवटी चुंबकाची गादी गळ्यात मारायची, असा प्रकार. त्यामुळे पहिल्या मंगळवारी जे एकमेव गृहस्थ आले, ते आत यायला तयार नव्हते. त्यांचे नाव शंकरअप्पा. मोंढ्यात चाळीस वर्षे हमाली केलेला माणूस. धान्याची पोती वाहून खांदे गेलेले, पण आवाज शाबूत. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी विचारले,

“गादी हाय का कुकर?”

“पुस्तक हाय. बसा,” बाई म्हणाल्या.

“विकत?”

“न्हाई.”

“मग तुमचा काय फायदा?”

“माझा पगार चालू हाय. बसा की.”

शंकरअप्पा बसले. शेवटी काहीतरी विकायला काढतीलच, तोवर बघू, असा त्यांचा हिशेब होता. चार वर्षांनी मी त्यांना विचारले की आता तरी खात्री पटली का. ते म्हणाले, “सर, अजून काढलं न्हाई. पण बाई लई दमाची हाय.”

बाईंची शिक्षणपद्धती दोन शब्दांची होती. कुणीही कागद घेऊन आले आणि “आक्का, ह्यात काय लिहिलंय बघा” म्हणाले, की त्या म्हणायच्या, “वाचा.” समोरचा म्हणायचा, “येत न्हाई.” मग त्या म्हणायच्या, “बसा.” एवढेच. प्रौढ शिक्षणावरची जाडजूड पुस्तके आमच्या कपाटात आहेत. ती मी चाळली आहेत. त्यांत याहून जास्त काही निघाले नाही, फक्त पाने जास्त निघाली.

दुसऱ्याचा कागद त्या कधीही वाचून दाखवत नसत आणि दुसऱ्याचा अर्ज कधीही भरून देत नसत. यासाठी त्यांनी एक खबरदारी घेतली होती. माणूस समोर बसून लिहायला लागला, की त्या आपले दोन्ही हात मांडीखाली घालून बसायच्या. मी एकदा विचारले, हे काय. म्हणाल्या, “सर, हात मोकळे राहिले की पेन वडून घ्यावं वाटतंय. दोन मिनिटाचं काम आसतंय आन् ही माणसं पाऊण तास लावतेत. माझा काय हातावर भरोसा न्हाई.”

एका गुरुवारी एक माजी नगरसेवक कसलासा अर्ज घेऊन आले आणि तो बाईंच्या पुढे सरकवून खिशातून मोबाईल काढून बोलत बसले. बाईंनी अर्ज उलटा फिरवून परत त्यांच्यासमोर ठेवला आणि हात मांडीखाली घातले. बोलणे संपल्यावर नगरसेवकांनी इकडेतिकडे पाहिले. शेजारी बांगड्या विकणारी एक म्हातारी जीभ बाहेर काढून स्वतःचे नाव लिहीत होती. त्यांनीही मग लिहायला घेतले. तीन अर्ज बिघडवून चौथा नीट भरला. जाताना म्हणाले, “तुमच्यापेक्षा तहसील बरं, बाई.” पुढच्या गुरुवारी ते पुन्हा आले. दुसरा अर्ज होता.

ती बांगड्यांची म्हातारी म्हणजे झैनबबी. टोपली घेऊन खेडोपाडी हिंडायची. एकदा देगलूरच्या बाजाराला म्हणून निघाली आणि निलंग्याला उतरली. बस कुठली हे तिने स्टँडवर तिघांना विचारले होते. “खरं सांगनारा बी तसंच सांगतोय जी, आन् खोटं सांगनारा बी तसंच. तोंडावरून कळत नै. पाटीवरून कळतंय म्हनतेत लोकं,” असे तिने वर्गात येण्याचे कारण सांगितले. साक्षरतेबद्दल मी याहून नेमके विधान विद्यापीठात ऐकलेले नाही.

शंकरअप्पांचे वर्गात टिकून राहण्याचे कारण त्यांच्या बंडीच्या खिशात होते. नगरपालिकेचा एक छापील कागद, आठ घड्या घातलेला. तो दारात येऊन पडला होता. पुतण्याने वाचून सांगितले की घर पाडणार आहेत. पानवाल्याने सांगितले की घरकुल मंजूर झाले. शंकरअप्पा एक दिवस रडले, एक दिवस पेढे वाटावे का याचा विचार करत राहिले, आणि मग कागद घेऊन बाईंकडे आले. बाई म्हणाल्या, “वाचा.” मग म्हणाल्या, “बसा.”

पाच महिने लागले. पाच महिने तो माणूस आपले घर राहणार की जाणार हे खिशात घेऊन फिरत होता आणि बाईंनी त्यांना सांगितले नाही. मला हा शुद्ध क्रूरपणा वाटला आणि मी तसे बोललोही. त्या म्हणाल्या, “घराचं असतं तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं.” म्हणजे शंकरअप्पांनी कागद उलटा धरलेला असतानाच बाईंनी तो वाचून घेतला होता. अखेर एका मंगळवारी शंकरअप्पांनी कागद उलगडला आणि बोट ठेवत वाचला. जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे अमुक प्रभागात बुधवारी पाणी येणार नव्हते. शंकरअप्पांनी घडी घातली आणि समाधानाने मान हलवली. “खरं हाय. त्या बुधवारी न्हवतं आलं.”

आता अध्यक्षांविषयी सांगायला हवे. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. डाळमिलचे मालक, माणूस वाईट नाही. पुस्तकांविषयी त्यांना इतका आदर होता की ते पुस्तकांना हात लावत नसत. बाईंचा वर्ग दोन वर्षे चालल्यावर त्यांच्या लक्षात आले की त्याचे उद्घाटन राहून गेले आहे. मग उद्घाटन झाले. मांडव, समई, लातूरहून पाहुणे. पाहुण्यांनी निरक्षरतेच्या अंधारावर सव्वा तास भाषण केले. समोर बसलेल्या बायामाणसांना त्या अंधारात दोन वर्षे काढल्याचे त्या दिवशी पहिल्यांदा कळले. वार मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गाची नोंदवही पाहिली. बाईंनी लिहिले होते : ‘आज वर्ग झाला नाही. कारण : उद्घाटन.’

या नोंदवहीचा बाईंना भारी सोस. वर्गाला येणाऱ्याने रोज स्वतःच्या हाताने सही केलीच पाहिजे. अंगठा चालत नसे. “पूर्ण नाव येत न्हाई तर एक अक्षर काढा, पण काढा,” असा नियम. झैनबबीची पहिल्या वर्षाची सही म्हणजे नुसता ‘झ’ आहे, आणि तो दर पानावर वेगळ्या दिशेला तोंड करून बसला आहे.

उद्घाटनानंतर बाईंनी कार्यकारिणीकडे मागणी केली की मोठ्या अक्षरातली, सर्वांना एकेक मिळेल इतक्या प्रतींची वाचायची पुस्तके हवीत. अण्णासाहेब म्हणाले, “बाई, नवीन काही घेणं होणार न्हाई. गोदामात जे पडलंय ते वापरा.” हे मी इतिवृत्तात लिहिले. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

गोदामात मोठ्या अक्षरातली, एकाच पुस्तकाच्या जवळजवळ दीडशे प्रती असलेली एकच गोष्ट निघाली. ती आमच्या वाचनालयाची घटना. संस्थापक वकीलसाहेबांनी शेवटच्या काळात ती छापून घेतली होती. त्यांना दिसत कमी होते म्हणून टाईप मोठा, आणि उमेद फार होती म्हणून प्रती दीडशे. वाटल्या गेल्या त्यातल्या चार. वाचनालयात कसरीनेसुद्धा न खाल्लेले ते एकमेव पुस्तक होते.

पुढची तीन वर्षे उदगीरच्या हमालांनी, शिवणकाम करणाऱ्या बायांनी, वीटभट्टीवरच्या माणसांनी त्या घटनेवरून वाचायला शिकून घेतले. दुपारी वाचनालयावरून गेले तर आतून एका सुरात ऐकू यायचे, “कलम चार. संस्थेचे उद्दिष्ट.” झैनबबीच्या सुनेने मला सांगितले की सासूबाई हल्ली सगळे जेवायला बसेपर्यंत ताटे वाढू देत नाहीत. म्हणतात, “थांब गे, गणसंख्या नै झाली.”

मला वाटायचे, बाईंनी नाइलाजाने ते पुस्तक घेतले. अजूनही बहुतेक वेळा तसेच वाटते.

मग अभ्यासिकेचे वारे आले. लातूर-नांदेडकडे मुलांना बसून अभ्यास करायला खोल्या भाड्याने देण्याचा मोठा उद्योग आहे. एकेका टेबलाला प्लायवूडची आडभिंत, वर दिवा, समोर भिंतीला तोंड. अण्णासाहेबांनी नांदेडला नातवाला भेटायला गेले असताना एक पाहिली आणि ते भारावून आले. आमच्या सभागृहात साठ टेबले बसतील असे त्यांनी मोजून आणले. वर्गाचे काय, असे कुणीतरी विचारले. “वर्ग मागच्या ओसरीत घेता येईल. तात्पुरता,” अण्णासाहेब म्हणाले. मागच्या ओसरीत सायकली असतात, आणि ऊन असते, आणि पावसाळ्यात ऊन नसते पण पाऊस असतो.

बाई दाराशी उभ्या होत्या. बैठक संपल्यावर मी मुद्दाम मागे रेंगाळलो. त्या कपाटाला कुलूप लावत होत्या.

“जागा गेली की वर्ग गेला, सर,” त्या म्हणाल्या. “माणसं जागेला येतेत. म्हातारी बाई सायकलीमागं बसून अ-आ-इ वाचत न्हाई. तिला लाज वाटती. हितं पंखा हाय, टेबल हाय, मोठ्या माणसासारखं बसता येतंय, म्हणून येतेत.”

“तुम्ही अण्णासाहेबांना सांगा ना.”

“मी नोकर हाय. डिसेंबरला रिटायर व्हायली. माझ्या आधी हॉल गेला तर नवीन माणूस काय ओसरीत वर्ग लावणार? मी हाय तवर टिकला तर टिकला.” मग कुलूप एकदा ओढून पाहिले. “तेवढंच बघायचंय मला.”

त्यांनी माझ्याकडे काही मागितले नाही. मागितले असते तर मी काय केले असते ते मला माहीत आहे, म्हणून त्यांनी न मागितल्याचे मला बरे वाटले.

ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जायचा होता. आमची ही सभा कशी होते ते सांगतो. सभासद दोनशेच्या वर, येतात अकरा. गणसंख्या होत नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब करायची आणि त्याच जागी पुन्हा भरवायची. तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. त्या अर्ध्या तासात चिवडा खायचा. हे इतके ठरलेले होते की इतिवृत्त मी आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. तहकुबी, चर्चा, मंजुरी, आभार, चहापान, सगळे. सभेच्या दिवशी फक्त सह्या घ्यायच्या. बारा वर्षांत इतिवृत्तात आणि सभेत फरक पडला नव्हता. सभा इतिवृत्ताप्रमाणेच व्हायची.

सभेची नोटीस फलकावर लागली. फलकावरचे वाचणे हा बाईंच्या मंगळवारच्या वर्गाचा भाग होता. तो त्यांनी त्या मंगळवारीही घेतला, एवढेच त्यांनी केले.

रविवारी दुपारी आम्ही अकरा जण जमलो. तीनला पाच मिनिटे असताना शंकरअप्पा धुतलेला फेटा बांधून आले. मागून झैनबबी, तिच्यामागून शिवणाऱ्या बाया, भट्टीवरची माणसे, आणि मग मोजणे सोडून द्यावे इतकी माणसे. साठेक असावीत. सरळ येऊन टेबलांशी बसली. ती रोजचीच जागा होती. बाई सर्वांत मागे, भिंतीला लागून, नोंदवह्यांचा गठ्ठा शेजारी ठेवून बसल्या होत्या. नोकर असल्यामुळे त्यांना मत नव्हते.

अण्णासाहेबांना वाटले की कुणाचा तरी सत्कार आहे. त्यांनी हात जोडले.

“मंडळी, आज जरा सभासदांची सभा हाय. वर्ग मंगळवारी.”

झैनबबी उठली. “हौ. सभेलाच आलो जी.”

“माय, तुम्ही सभासद न्हाईत.”

“कलम नऊ,” झैनबबी म्हणाली आणि खाली बसली.

अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी चिटणीसांकडे पाहिले. आम्हा अकरा जणांत कलम नऊ वाचलेला एकही माणूस नव्हता. समोरच्या साठांनी मात्र पिशव्यांतून घटना काढल्या. तेराव्या पानावर असे होते की, वाचनालयात नियमाने येऊन वाचणारी आणि नोंदवहीत सलग वर्षभर स्वतःच्या हाताने सही करणारी कोणतीही प्रौढ व्यक्ती ‘वाचक सभासद’ समजली जाईल आणि सर्वसाधारण सभेत तिला मत राहील. मी ते मनात वाचले. मग मागे जाऊन नोंदवह्या पाहिल्या. पाच वर्षांच्या सह्या होत्या. ‘झ’ हळूहळू सरळ होत गेला होता आणि त्याला मागे ‘ैनब’ फुटले होते.

“हे तर वकीलसाहेबांच्या काळचं,” अण्णासाहेब म्हणाले.

“बदललेलं न्हाई,” मागून बाई म्हणाल्या. त्या दिवशीचे त्यांचे हे पहिले वाक्य.

अण्णासाहेब व्यवहारी माणूस. त्यांनी वाद घातला नाही. “बरं, बरं. बसा सगळे. ठराव वाचला असं समजून पुढं जाऊ.”

“समजून कसं?” शंकरअप्पा उभे राहिले. “वाचा की.”

आमच्या सभेत ठराव ‘वाचला असे समजण्याची’ पद्धत आहे. ती मोडायला सांगणारा माणूस पहिल्यांदाच निघाला होता. अण्णासाहेब वैतागले. माझ्यासमोरची वही उचलून त्यांनी शंकरअप्पांच्या हातात दिली. “घ्या! तुम्हीच वाचा, मालक. आम्हाला बी ऐकू द्या.”

ती इतिवृत्ताची वही होती. मी हात पुढे केला, पण वही गेली होती.

शंकरअप्पांनी ती टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले. माझे अक्षर जोडलेले, छापील नव्हे. ते त्यांना जड गेले. एकेक शब्द पोत्यासारखा उचलून खाली ठेवत ते पुढे चालले होते. कार्यकारिणीतला एक जण घड्याळ बघत म्हणाला, “अहो, द्या कुणालातरी वाचायला, संध्याकाळ होईल.” शंकरअप्पांचे बोट थांबले. मान लाल झाली. ‘तहकूब’ हा शब्द अडला होता. दोनदा प्रयत्न झाला. कुणीतरी पुढे येऊन वही घेईल आणि मग ही सभा नेहमीसारखी होईल, हे अगदी जवळ येऊन ठेपले होते. मला राहवले नाही. मी हळूच म्हणालो, “तह—”

“सांगू नका, सर,” मागून बाई म्हणाल्या.

मी वळून पाहिले. त्यांचे दोन्ही हात मांडीखाली होते.

साठ माणसे थांबली. अण्णासाहेबही थांबले, बहुधा नकळत. मग शंकरअप्पा म्हणाले, “त-ह-कूब. तहकूब.” आणि पुन्हा सुरुवातीपासून, सलग : “गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात आली.”

त्यांनी मान वर करून भरलेल्या सभागृहाकडे पाहिले.

“झैनबबी, गणसंख्या हाय का न्हाई?”

“भरपूर हाय की.”

ते पुन्हा वहीत गेले. सभागृहाचे अभ्यासिकेत रूपांतर, साठ टेबले, वर्ग मागील ओसरीत. प्रत्येक शब्दाला बोट. “सदर ठरावावर... सविस्तर चर्चा होऊन... ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.” पंखे फिरत होते. “चर्चा कवा झाली, अण्णासाहेब?”

अण्णासाहेब माझ्याकडे बघत होते.

“खाली अजून हाय,” शंकरअप्पा म्हणाले. कर्तव्य म्हणून तेही वाचले. “अध्यक्षांनी सर्वांचे आभार मानले व चहापानानंतर सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपली.” त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली. “सर, अक्षर चांगलं हाय तुमचं. पण हे तर उद्याच्या पेपरावानी झालं, आजच छापून आलेलं.”

कुणी हसले नाही. मला ते हसले असते तर बरे झाले असते.

मतदान झाले. हात वर करून. बाजूने आठ, विरोधात एवढे की मी मोजताना दोनदा चुकलो. मी स्वतः हात वर केला नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याने तटस्थ असावे असा नियम मला त्या क्षणी आठवला. घटनेत तो नाही, मी नंतर बघितले.

अण्णासाहेबांचे मोठेपण यानंतर दिसले. पाचव्या मिनिटाला ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की हा वर्ग म्हणजे त्यांचे अनेक वर्षांचे स्वप्न आहे, वाचनालयाने गाव घडवले म्हणतात ते उगाच नाही, आणि आजपासून या सभागृहाला कुणी हात लावून दाखवावा. त्यांचा आवाज खरोखर दाटून आला होता. पुढच्या वर्षीच्या पाहुण्यांसाठी आणून ठेवलेली शाल कपाटात होती, ती त्यांनी बाईंच्या अंगावर घातली. साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. झैनबबी डोळे पुसत होती. चहा मात्र अकरा जणांपुरताच होता.

सगळे गेल्यावर मी बाईंना विचारले, “कलम नऊ तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?”

त्या शालीची घडी घालत होत्या. “मी ग्रंथपाल हाय, सर. वाचनालयात छापील जेवढं हाय तेवढं मी वाचलेलं असतंय.”

“म्हणजे तुम्ही ते पुस्तक मुद्दाम...”

“अण्णासाहेब म्हणाले गोदामात जे पडलंय ते वापरा,” बाई म्हणाल्या. “ठराव तुम्हीच लिहिलाय.”

त्यानंतर दोन दिवसांनी, मंगळवारी, मी नांदेडला मुलाकडे राहायला जायला निघालो होतो. निवृत्त होऊन वर्ष झाले होते, घर आवरले होते. जाताना वाचनालयाशी रिक्षा थांबवली. आत जायचा धीर झाला नाही, खिडकीतून पाहिले. बाईंना मी पाहिले ते त्या वेळी शेवटचे. डिसेंबरात त्या निवृत्त झाल्या आणि किनवटकडे बहिणीच्या गावी गेल्या असे पुढे कळले. वर्ग अजून तीन ते पाच, त्याच सभागृहात भरतो.

त्या मंगळवारी त्यांनी सभागृहातली सगळी टेबले पुसून ठेवली होती. सगळे पंखे चालू होते. रविवारच्या विजयानंतर गर्दी होणार म्हणून शेजारच्या शाळेतून त्यांनी वीस खुर्च्या जास्तीच्या आणवल्या होत्या, त्या भिंतीशी रांगेने मांडलेल्या होत्या. तीन वाजले, तसा त्यांनी टेबलावर हात टेकून वर्ग सुरू केला.

चौघे आले होते. बाकीचे सोयाबीन काढायला गेले होते.